वऱ्हाडातली ख्रिस्ती मंडळी आणि बाहेरून आलेला माणूस

ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना कोणालाही खुली असते. दारात जात-धर्म विचारत नाहीत, आत बसायला बाप्तिस्मा लागत नाही, आणि शेवटच्या बाकावर बसून सगळे ऐकून निमूट निघून जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या स्थानिक समाजाला मंडळी म्हणतात, तिची देखभाल करणाऱ्याला पाळक म्हणतात. या मंडळीवर बाहेरच्या माणसाच्या संदर्भात दोन जबाबदाऱ्या येतात. एक स्वागताची, म्हणजे आलेल्याला मानाने जागा देण्याची. दुसरी साक्षीची, म्हणजे आपल्याला येशू ख्रिस्तात काय सापडले ते त्याला सांगण्याची. या दोन्ही गोष्टी एकमेकींना लागून असल्या तरी त्या एक नाहीत. स्वागत साक्षीच्या अटीवर केले की त्यातला जिव्हाळा जातो, आणि साक्ष देणेच सोडून दिले तर पाहुण्याला आपण कशासाठी एकत्र जमतो हेच कळत नाही.

पवित्र शास्त्रात या दोन्हींची मुळे खोल आहेत. इस्राएल लोकांना नियमशास्त्राने बजावले होते की परदेशी माणसाला छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही परदेशीच होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाचे चित्र रंगवतो. परक्याला घरात घेणे हे मलाच घरात घेणे होय, असे तिथे तो सांगतो. पण खरी कसोटी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात लागते. पेत्र हा कट्टर यहुदी, आणि कर्नेल्य हा रोमन सैन्यातला शताधिपती. यहुद्याने अशा माणसाच्या घरात पाऊल टाकायचे नाही, त्याच्याकडे जेवायचे तर मुळीच नाही. पेत्र तरीही कैसरियाला त्याच्या घरी गेला, तिथे राहिला, आणि पुढे यरुशलेमेत आपल्याच माणसांना त्याचा जाब द्यावा लागला. इ. स. ४९च्या सुमारास यरुशलेमेच्या बैठकीत ठरले की बाहेरून येणाऱ्यांनी आधी यहुदी होण्याची गरज नाही. जगभरची ख्रिस्ती मंडळी त्या निर्णयातून वाढली. ती मुळातच बाहेरच्यांची मंडळी आहे.

वऱ्हाडात तर ख्रिस्ती धर्म स्वतःच पाहुणा म्हणून आला. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या नावातच पीर आहे. हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर आणि बिरबलनाथ महाराजांच्या संस्थानात सर्व जातिधर्मांची माणसे डोके टेकवतात. अशा मुलखात दुसऱ्याच्या देवाविषयी कुतूहल असणे नवे नव्हते. नवे होते ते परक्या देशातून आलेले प्रचारक. १८९८मध्ये अमेरिकेतल्या एका लहानशा पंथाचे मिशनरी मुंबईला उतरले आणि त्यांनी पुढे बुलढाण्याला ठाणे केले. हाच पंथ १९०७-०८च्या एकत्रीकरणात ‘चर्च ऑफ द नाझरीन’मध्ये सामील झाला. १९०४मध्ये लेटन ट्रेसी आले आणि अनेक वर्षे या भागात राबले. बुलढाणा, चिखली, मेहकर असे करत काम पसरले. १९३०च्या दशकात वाशीममधला मेथडिस्ट मिशनचा परिसर नाझरीन मिशनकडे आला. मंगरूळपीरहून वाशीम चाळीसेक किलोमीटर. मंगरूळपीर तालुक्यातल्या माणसाचा ख्रिस्ती मंडळीशी संबंध आला तो बहुधा याच वाटेने.

या मिशनऱ्यांच्या दौऱ्याची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. पावसाळा सरला, वाटा वाळल्या की बैलगाडीत तंबू, कंदील आणि पुस्तके घालून ते व त्यांचे मराठी सहकारी गावोगाव फिरत. तंबू गावाबाहेरच्या आमराईत पडे. पाणी गावाचे, दूध गावाचे, आणि बसून ऐकायचे की नाही हेही गावाच्याच हाती. ज्याला आपण यजमान समजतो तो इथे पाहुणा होता. परक्या उच्चारात बोलणाऱ्या साहेबापेक्षा गावच्या बोलीत बोलणारा मराठी प्रचारक लोकांना जवळचा वाटे, आणि बायकांपर्यंत तर बायबल बाईच पोचे. ती ओसरीवर बसून ओव्यांच्या चालीवर गाणे म्हणे, आजारी लेकराची विचारपूस करी आणि येशूची एखादी गोष्ट सांगून उठे. मिशनच्या अहवालांत नावे परदेशी माणसांची भरतात. वऱ्हाडातली मंडळी मात्र उभी राहिली ती या देशी स्त्री-पुरुषांच्या पायपिटीवर, आणि त्यांचे ऋण अजून नीट लिहिले गेलेले नाही. सॅम्युएल भुजबळ यांच्यासारखे रेव्हरंड पुढे या कामाचे नेते झाले, हा त्या पायपिटीचाच पुढचा टप्पा.

वाशीमच्या परिसराला मोठी ओळख मिळाली ती दवाखान्यामुळे. डॉ. ऑर्फा स्पाइचर १९३६मध्ये भारतात आल्या आणि १९३८च्या सुमारास जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी रुग्ण तपासायला सुरुवात केली. त्यातून रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. पुढे तिथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. खेड्यातला रोगी कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत बायको, आई, एखादा भाऊ, कडेवरचे मूल आणि पिठाचे गाठोडे असते. मिशनच्या दवाखान्यांत आवारातच तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापणारी अशी कुटुंबे आठवडे-आठवडे राहत. सकाळी वॉर्डात लहानशी प्रार्थना होई. ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे, ज्याला कूस वळवायची त्याने वळवावी. औषध दोघांना सारखेच. कित्येक घरांत येशूचे नाव पहिल्यांदा गेले ते व्याख्यानातून नाही, तर बाळंतपणाच्या रात्री जाग्या राहिलेल्या नर्सच्या तोंडून.

इथेच एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. दवाखाना, शाळा, दुष्काळातले अन्न ही सेवा आहे की आमिष? १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ मध्य प्रांत आणि वऱ्हाडाने भोगले. त्या काळात अनाथ झालेली शेकडो मुले मिशनच्या आश्रमांत वाढली. पंडिता रमाबाईंनी पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बायका गोळा करून नेल्या, आणि पुढे त्यांच्यासाठी केडगावचे मुक्ती मिशन वाढले. त्या मुली जगल्या, शिकल्या, आणि त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती झाल्या. वाचवणाऱ्याचा धर्म मुलाने उचलणे स्वाभाविक आहे. पण त्या वयात नकार देण्याची मोकळीक किती होती, हा प्रश्नही खरा आहे. १९५४मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. तेव्हा विदर्भ त्याच राज्यात होता. १९५६च्या तिच्या अहवालाने मिशनच्या कामावर कडक ठपका ठेवला, ख्रिस्ती पुढाऱ्यांनी तो एकांगी असल्याचे सांगितले. अहवालाच्या निष्कर्षांविषयी मतभेद राहतील. मदत आणि बाप्तिस्मा यांच्यात स्पष्ट अंतर ठेवले पाहिजे, ही शिस्त मात्र मंडळीच्या स्वतःच्या विवेकालाही पटणारी आहे. जो रोगी बरा होऊन आपल्या देवाला नवस फेडायला जातो, त्याला तितक्याच आपुलकीने निरोप देता आला तरच ती सेवा ख्रिस्ताच्या नावाला शोभते.

मंडळीत आलेले लोक कोण होते हेही पाहिले पाहिजे. अहमदनगर, जालना, वऱ्हाड, कुठेही पाहिले तरी बहुसंख्य नवे ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते, त्यांना मंडळीने सतरंजीवर शेजारी बसवले, एका प्याल्यातून प्रभुभोजन दिले, त्यांच्या मुलींना अक्षर शिकवले. मेथडिस्ट पंथाचे वॉस्कम पिकेट यांनी १९३३मध्ये भारतातल्या अशा सामूहिक धर्मांतरांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस कोणत्या हेतूने आला यापेक्षा आल्यावर त्याला काय शिकवले, त्याची उपासना नियमित झाली की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून राहते, असे त्यांना दिसले. पिकेटांमुळे प्रभावित झालेले डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे दमोहला जन्मलेले आणि छत्तीसगडात काम केलेले मिशनरी. त्यांनी पुढे असा सिद्धान्त मांडला की आपली जात, आपली नाती न तोडता येशूकडे येता आले तर लोक लवकर येतात. जगभरच्या चर्चनी तो उचलला.

सिद्धान्त व्यवहाराला सोयीचा आहे, पण महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी त्याची किंमतही मोजली आहे. एकाच समाजातून आलेली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्याच समाजाची राहते, सोयरीक त्यातच जुळते, आणि दुसऱ्या जातीतून आलेला माणूस दहा वर्षे बाकावर बसूनही पाहुणाच उरतो. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात लग्नाची बोलणी निघाली की जुनी भिंत आजही आडवी येते. अशा मंडळीत स्वागत कमी पडते ते बाहेरच्या हिंदूच्या किंवा बौद्धाच्या बाबतीत नाही, आधी घरातल्या घरात.

बाहेरच्याला कसे वागवावे याचा मराठीतला सर्वांत ठळक धडा रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात आहे. १८९३च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात समोर एक गोरा प्रवासी होता. त्या काळी गोऱ्या माणसाने देशी माणसाशी बरोबरीने बोलणे विरळा. या प्रवाशाने टिळकांची अदबीने चौकशी केली, त्यांच्या काव्याच्या आवडीविषयी बोलला, आणि उतरण्यापूर्वी त्यांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली. वाचा, म्हणाला, आणि तुम्ही एक दिवस ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी ती प्रत वाचायला घेतली, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकून पडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने ना पत्ता घेतला, ना पाठपुरावा केला. सौजन्य, एक पुस्तक आणि मोकळे सोडणे, एवढ्यावर त्याने भागवले.

टिळकांनी पत्नीच्या बाबतीत हाच संयम पाळला, आणि तो सोपा नव्हता. त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई चार-पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे अहमदनगरला त्यांच्याकडे परत आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे, त्यांची चूल, त्यांचे पाणी वेगळे होते. घरात सगळ्या जातींच्या मुलांचा राबता, आणि घरची बाई कोणाच्या हातचे न घेणारी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. माणसांत भेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने उमजले आणि मग सोवळे आपोआप गळाले. त्यानंतर १९००मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हा सगळा प्रवास आहे. बाहेरून आत येणाऱ्या माणसाच्या मनात काय काय चालते, हे पाळकांना त्या पुस्तकाइतके कोणीच शिकवू शकणार नाही.

आयुष्याच्या शेवटी टिळकांनी याहून धाडसी पाऊल उचलले. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य त्यात एकत्र असावेत, ही त्यामागची कल्पना. मिशनच्या चौकटीत नाव न घालताही येशूवर प्रेम करणारी माणसे महाराष्ट्रात आहेत, त्यांना कोणत्या कोपऱ्यात उभे करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार पुढे गेला नाही. प्रश्न मात्र आजच्या प्रत्येक मंडळीच्या मागच्या बाकावर बसलेला असतो.

टिळकांची आणि त्यांच्या आधीच्यांची आणखी एक देणगी रविवारी कानावर येते. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी १८६०च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाला आकार दिला. अभंग, साकी, दिंडी, आर्या हे सगळे उपासनेत आले, पेटी-तबला-झांजा आल्या. आजही मराठी प्रोटेस्टंट उपासनेत ‘उपासना संगीत’ हे पदांचे पुस्तक हातात असते, आणि त्यात टिळकांची पदे आहेत. वारकरी घरातला माणूस पहिल्यांदा मंडळीत आला, तर प्रार्थनेच्या वेळी तो गोंधळतो. पण अभंग सुरू झाला की त्याचा पाय ताल धरतो. कित्येकदा पहिले स्वागत चालीनेच केलेले असते.

प्रत्यक्ष उपासनेत लहानसहान गोष्टींवरच सगळे ठरते. नवखा माणूस चपला कुठे काढायच्या, बायका-पुरुष वेगळे बसतात का, उभे कधी राहायचे, हे शेजाऱ्याकडे पाहून ठरवतो. कोणी तरी सरकून जागा दिली, पदाचा आकडा सांगून पुस्तकाचे पान उघडून हाती दिले, तर त्याचे अर्धे अवघडलेपण जाते. पुष्कळ मंडळ्यांत सूचनांच्या वेळी पाळकसाहेब नव्या पाहुण्यांना उभे राहून ओळख करून द्यायला सांगतात आणि मंडळी टाळ्या वाजवते. हेतू चांगला असला तरी लाजाळू माणसाला, विशेषतः घरच्यांच्या नकळत आलेल्या सुनेला किंवा तरुणाला, ही टाळी भारी पडते. उपासना संपल्यावर दाराशी शेकहँड करून ‘जय ख्रिस्त’ म्हणणे आणि चहाला थांबवणे अधिक बरे. अर्पणाची थैली फिरते तेव्हा पाहुण्याने काही टाकलेच पाहिजे असे नसते, हे शेजाऱ्याने हळूच सांगावे.

प्रभुभोजनाचा रविवार हा नाजूक प्रसंग. वाशीमसह विदर्भाच्या पश्चिमेकडचे जिल्हे अमरावती धर्मप्रांतात येतात. १९५५मध्ये स्थापन झालेल्या या धर्मप्रांतातल्या कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तशरीर फक्त दीक्षित कॅथलिकांना दिले जाते. नाझरीन मंडळीत पश्चात्ताप करून विश्वास ठेवणाऱ्या सर्वांना मेजाजवळ बोलावतात. नियम कोणताही असो, तो आधी दोन वाक्यांत समजावून सांगितला पाहिजे. रांगेत पुढे आलेल्याला सगळ्यांसमोर परत पाठवले, तर तो माणूस पुन्हा दिसत नाही.

मंडळीचे खरे काम मात्र आठवड्याच्या मधल्या दिवसांत, घरोघरच्या प्रार्थनासभांत चालते. बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी सतरंजी पडते. शेजारची बाई मुलाच्या तापासाठी, नवऱ्याच्या दारूसाठी, मुलीच्या नोकरीसाठी प्रार्थना करा म्हणून येते. इथे साक्ष म्हणजे मोठे भाषण नाही. एखादी म्हातारी आपले दुःख आणि त्यातून निभावलेले दिवस सांगते, एवढेच. नाताळात याच घरांतून करंज्या, लाडू, चिवड्याची ताटे शेजाऱ्यांकडे जातात, जशी दिवाळीत तिकडून आलेली असतात. फराळाच्या ताटावर पत्रक ठेवायचे की नाही, यावर मंडळ्यांत दोन मते आहेत. ताट नुसतेच गेलेले बरे. शेजाऱ्याला विचारायचे असेल तर तो विचारतो.

ज्याला पुढे यायचे आहे त्याच्यासाठी रस्ता लांब ठेवलेला असतो, आणि तो तसाच असावा. प्राचीन मंडळीत बाप्तिस्म्यापूर्वी काही ठिकाणी तीन वर्षांपर्यंत शिक्षण चाले. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांच्या दीक्षेचे टप्पे आजही ठरलेले आहेत, आणि दीक्षा बहुधा पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्री होते. प्रोटेस्टंट पाळक काही महिने शिकवतात, घरच्यांशी बोलतात, माणूस स्वतःहून आला आहे ना हे पाहतात. कायद्याची बाजूही पाळकाला ठाऊक असावी लागते. घटनेच्या २५व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. सांगणे मंडळीच्या हाती, स्वीकारणे ऐकणाऱ्याच्या विवेकाच्या हाती, ही विभागणी साक्षीच्या मूळ कल्पनेशी चांगली जुळते.

अनुसूचित जातींतल्या कुटुंबांपुढे आणखी एक पेच असतो. १९५०च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला मुख्यतः हिंदूंपुरता होता. तो १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना मिळालेला नाही. मुलांची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा यांचा विचार करून कित्येक घरे वर्षानुवर्षे उपासनेला येतात आणि बाप्तिस्मा घेत नाहीत. त्यांना अर्धवट विश्वासू म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. टिळकांनी ज्यांच्यासाठी दरबार काढला होता, त्यांच्याच जातकुळीची ही माणसे. त्यांच्या बाजूने बसून त्यांची अडचण समजून घेणारी मंडळी त्यांना परकी वाटत नाही.

बाहेरचा माणूस नेहमी दुसऱ्या धर्माचाच असतो असेही नाही. वाशीम, मंगरूळपीर, कारंजा भागातले तरुण शिक्षणाला आणि कामाला पुणे, मुंबई, नागपूर गाठतात. ख्रिस्ती कुटुंब गाव सोडते तेव्हा पाळक सभासदत्वाचा दाखला देतात, आणि नव्या शहरातल्या मंडळीने तो वाचून त्यांना रविवारी सर्वांसमोर आत घ्यायचे असते. पुण्याच्या जुन्या मंडळ्यांत तीन-तीन पिढ्यांची घराणी असतात. बाके ठरलेली, पंचकमिटी ठरलेली. वऱ्हाडी बोलीत बोलणारे जोडपे तिथे कोपऱ्यात बसते आणि चार रविवारांनी येईनासे होते, दाखला पेटीतच राहतो. काही मंडळ्यांनी यावर उपाय म्हणून प्रत्येक नव्या कुटुंबाला त्याच वस्तीतले एक जुने कुटुंब जोडून दिले आहे. ते पहिल्या महिन्यात त्यांच्या घरी जाते, दवाखाना-शाळा-रेशनची माहिती देते, बुधवारच्या सभेला सोबत घेऊन येते, आणि पुढच्या वर्षी त्याच नव्या कुटुंबाकडे आणखी एका नव्या घराची जबाबदारी सोपवली जाते.